शहाण्णव

सुनील गावसकरच्या कसोटी कारकिर्दीत दोन तारखा अगदी लागून येतात. ७ मार्च १९८७ रोजी अहमदाबादला पाकिस्तानविरुद्ध इजाज फकीहच्या चेंडूवर त्याने धाव घेतली आणि कसोटीत दहा हजार धावा करणारा तो जगातला पहिला फलंदाज ठरला. प्रेक्षक मैदानात धावले, खेळ थांबला. बरोबर दहा दिवसांनी, १७ मार्चला, बंगलोरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर तो ९६ धावांवर बाद झाला आणि भारत १६ धावांनी हरला. तो त्याचा शेवटचा कसोटी डाव होता.

अहमदाबादला झाला तो विक्रम. बंगलोरला जे झालं, ते विक्रमांच्या कुठल्याच तक्त्यात बसत नाही. तरीही क्रिकेट पाहणाऱ्या जुन्या माणसाला ‘गावसकरची सर्वांत मोठी खेळी कोणती?’ असं विचारून पाहा. दहा हजारावी धाव ज्या डावात निघाली, त्यात त्याने एकूण ६३ केल्या होत्या, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. शहाण्णव मात्र सगळ्यांना पाठ असतात. असं का व्हावं, हा प्रश्न बेंगळुरूत राहायला आल्यापासून माझ्या मनात आहे.

आकड्यांचं हे वेड आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींना खेळाडूंचे आकडे स्तोत्रासारखे म्हणता येतात. तिथे सामन्याचा तक्ता मांडण्याची पद्धत रुजवली हेन्री चॅडविक या पत्रकाराने. तो जन्माने इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, आणि आधी क्रिकेटच्या बातम्या देणारा. म्हणजे दोन्ही खेळांची चोपडी एकाच घराण्यातली. चोपडी आणि आठवण यांचं भांडणही दोन्हीकडे सारखंच. बिल बकनरने कारकिर्दीत २,७१५ हिट मारले. पण २५ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री वर्ल्ड सीरिजमध्ये एक साधा सरपटता चेंडू त्याच्या पायांमधून गेला, आणि लोकांनी पुढची कित्येक वर्षं लक्षात ठेवला तो तेवढाच. आठवण त्याच्याशी निर्दयपणे वागली. त्यानंतर पाच महिन्यांतच बंगलोरला ती एका हरलेल्या फलंदाजाशी फार उदारपणे वागली.

त्या कसोटीची खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरकीला साथ देत होती. नाणेफेक जिंकून इम्रान खानने फलंदाजी घेतली आणि पाकिस्तान ११६ धावांत आटोपला. मनिंदर सिंगने २७ धावांत ७ बळी घेतले. सामना आपलाच, असं त्या संध्याकाळी कुणालाही वाटलं असतं. पण इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद या दोघांनीच पाच-पाच बळी वाटून घेतले आणि भारताचा डाव १४५ वर संपला. त्यात दिलीप वेंगसरकरच्या ५० होत्या. दुसऱ्या डावात पाकिस्तानने २४९ केल्या. भारतापुढे लक्ष्य आलं २२१ धावांचं.

वसीम अक्रमने सुरुवातीलाच श्रीकांत आणि मोहिंदर अमरनाथ यांना लागोपाठ परत पाठवलं. त्यानंतर एका बाजूने माणसं जात राहिली आणि दुसऱ्या बाजूला गावसकर उभा राहिला. २६४ चेंडू, ३२० मिनिटं. चेंडू कधी पायाशी बसत होता, कधी छातीपर्यंत उसळत होता. अशा खेळपट्टीवर पुढे जायचं की मागे, हे चेंडू टप्पा घेण्याआधीच ठरवावं लागतं, आणि टप्प्यानंतर बेत फसला तर बॅट आत ओढून घेण्याची तयारीही ठेवावी लागते. बॅटची पकड सैल ठेवून चेंडू पायाशीच मारून टाकण्याची गावसकरची विद्या त्या दिवशी पूर्ण कामी आली. त्या डावात त्याच्यानंतरची सर्वाधिक धावसंख्या अझरुद्दीनची होती, २६. अख्ख्या सामन्यात त्याच्याखेरीज अर्धशतकापर्यंत पोचला तो एकटा वेंगसरकर.

धावसंख्या १८० असताना कासिमचा एक चेंडू उसळला आणि स्लिपमध्ये रिझवान-उझ-झमानने झेल घेतला. गावसकर आठवा बाद. अजून ४१ हव्या होत्या. बंगलोरच्याच रॉजर बिन्नीने थोडी झुंज दिली, पण शेवटचा बळी त्याचाच गेला. भारत २०४. मालिकेतल्या आधीच्या चारही कसोटी अनिर्णित होत्या, त्यामुळे पाकिस्तानने भारतात प्रथमच कसोटी मालिका जिंकली. त्या हिवाळ्यात दोन्ही देशांची सैन्यं सीमेवर समोरासमोर होती आणि जनरल झिया जयपूरची कसोटी पाहायला येऊन गेले होते. त्या वातावरणात ही हार अधिकच बोचली.

त्या दिवशी मी पुण्यात शाळकरी पोर होतो आणि वाड्यातल्या मोठ्या माणसांच्या गर्दीत रेडिओला कान लावून बसलो होतो. ‘गावसकर गेला’ एवढंच कुणीतरी म्हणालं. अजून दोन बळी शिल्लक होते, पण निम्मी माणसं तेव्हाच उठून गेली.

बेंगळुरूत आल्यावर कळलं की या मैदानाची आणि गावसकरची ओळख त्या शहाण्णवच्या बरीच आधीची आहे. माझे शेजारी कन्नड आहेत, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. गावसकरचं नाव काढलं की त्यांना १९८७ आठवत नाही, १९८२ आठवतं. रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाच्या रघुराम भटने आपल्या डावखुऱ्या फिरकीने मुंबईची फलंदाजी कापून काढली, तेव्हा दुसऱ्या डावात गावसकर त्याला चक्क डावखुरा खेळला आणि १८ धावांवर नाबाद राहिला. बाहेर वळणारा चेंडू डावखुऱ्याला आत येतो आणि पॅडवर घेता येतो, हा त्यामागचा हिशेब. मुंबईच्या लोकांनी ही गोष्ट हुशारीचा नमुना म्हणून सांगितली. शेजाऱ्यांच्या मते तो त्यांच्या गोलंदाजाचा अपमान होता. ‘आमच्या पोराला त्याने उलट्या हाताने खेळून दाखवलं,’ ते आजही चिडून म्हणतात. कर्नाटक पहिल्या डावाच्या आघाडीवर अंतिम फेरीत गेलं, हे मात्र ते हसत सांगतात.

त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९८१ मध्ये, इंग्लंडविरुद्ध याच मैदानावर गावसकरने १७२ केल्या होत्या. सप्टेंबर १९८३ मध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना अनिर्णित होणार हे स्पष्ट झाल्यावर कर्णधार झहीर अब्बास संघाला घेऊन मैदानाबाहेर गेला. अनिवार्य षटकं बाकी आहेत म्हणून पंचांनी त्यांना परत बोलावलं, आणि गावसकरने आपलं अठ्ठाविसावं शतक पुरं केलं. पुढच्याच महिन्यात दिल्लीला त्याने ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली. शिवाय बंगलोरचा लाडका गुंडप्पा विश्वनाथ हा गावसकरच्या बहिणीचा, कवितेचा, नवरा. म्हणजे मुंबईचा हा माणूस या गावचा मेहुणाही होता आणि हाडवैरीही.

या सगळ्यात शतकं दोन आहेत, त्यातलं एक १७२ चं. तरी गावाच्या तोंडी राहिले ते उलट्या हाताचे १८ आणि हरलेले ९६. मला वाटतं, विक्रमाला वारस असतो. १०,१२२ धावा १९९३ मध्ये ॲलन बॉर्डरने ओलांडल्या. ३४ शतकं २००५ मध्ये सचिन तेंडुलकरने मागे टाकली. वरचा आकडा आला की खालचा पुसट होतो. खेळपट्टी आणि प्रतिस्पर्धी दोन्ही विरोधात असताना एखाद्याने काय केलं, याची बेरीज मात्र कुणाला पुढे नेता येत नाही. जानेवारी १९९९ मध्ये चेन्नईला पाकिस्तानविरुद्धच तेंडुलकरने १३६ केल्या आणि भारत १२ धावांनी हरला. ती खेळी शहाण्णवच्या शेजारी जाऊन बसली, पण तिने तिची जागा घेतली नाही.

या शहाण्णवमागे आणखी एक ऋण आहे. गावसकरने स्वतःच पुढे सांगितलं आहे की १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये त्याने निवृत्तीचा विचार इम्रान खानला बोलून दाखवला होता. इम्रानने त्याला थांबवलं. पाकिस्तान भारतात खेळायला येणार आहे, आणि भारताला भारतात हरवायचं तर समोर तू हवास, असं त्याचं म्हणणं. गावसकर थांबला. म्हणून अहमदाबादची ती धाव निघाली, म्हणून बंगलोरचा तो डाव घडला. ज्याने त्याला खेळायला लावलं, त्याच्याच संघाने तो सामना जिंकला, आणि आपल्याकडे उरले ते शहाण्णव.