परीक्षेच्या यादीपासून चर्चेच्या मेजापर्यंत : अमेरिकी शाळांतील कादंबरी-अध्यापन

अमेरिकेतील उच्च माध्यमिक शाळांच्या प्रगत साहित्य-वर्गात एकाच कादंबरीवर कित्येक तासिका चर्चा चालते, त्यामुळे ही प्रथा फार जुनी असावी असा समज सहज होतो. परंतु एकोणिसाव्या शतकात बराच काळ अभ्यासाचा खरा मान ग्रीक आणि लॅटिन या भाषांकडे होता आणि कादंबरी ही फावल्या वेळची, काहीशी संशयास्पद करमणूक समजली जात होती. तिला शाळेत प्रवेश मिळवून दिला तो महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेने. हार्वर्डने १८७४च्या परीक्षेसाठी नेमून दिलेल्या इंग्रजी ग्रंथांत शेक्सपिअरच्या नाटकांबरोबर ऑलिव्हर गोल्डस्मिथची ‘द व्हिकर ऑफ वेकफील्ड’ आणि वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ या कादंबऱ्या होत्या. मात्र त्यांवर लिहावयाचा निबंध शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि मांडणी यांच्या कसोटीवर तपासला जाणार होता. म्हणजे कादंबरी ही निबंधाला विषय पुरवण्यापुरतीच होती.

प्रत्येक महाविद्यालयाची यादी वेगळी असल्याने शाळांची ओढाताण होऊ लागली, तेव्हा १८९४मध्ये समान यादी ठरवण्यासाठी परिषद भरली आणि पुस्तकांचे दोन वर्ग पडले : काही सखोल अभ्यासासाठी, तर काही केवळ सर्वसाधारण परिचयासाठी. जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ ही आटोपशीर कादंबरी या याद्यांमुळेच पिढ्यान्‌पिढ्यांच्या माथी बसली. शाळेत काय शिकवावे हे विद्यापीठांनी का ठरवावे, हा शिक्षकांचा रोष साचत गेला आणि १९११मध्ये शिकागो येथे इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन होण्यामागे तो एक प्रमुख कारण ठरला.

यादीची पकड सैलावत असतानाच शिकवण्याची रीतही बदलू लागली. एडवर्ड हार्कनेस या धनिकाने १९३०मध्ये फिलिप्स एक्झिटर या निवासी शाळेला मोठी देणगी दिली आणि तिच्यातून तेथे लंबवर्तुळाकार मेजाची पद्धत आली. डझनभर विद्यार्थी व शिक्षक एकाच मेजाभोवती बसत आणि व्याख्यानाऐवजी संवादातून पाठ पुढे सरके. या संवादाला शिस्त पुरवली ती नवसमीक्षेने. नवसमीक्षा म्हणजे लेखकाचे चरित्र आणि काळ बाजूला ठेवून संहितेतील प्रतिमा, विरोधाभास व निवेदनाचा सूर यांचा बारकाईने शोध घेणारी समीक्षापद्धती. क्लिअँथ ब्रुक्स आणि रॉबर्ट पेन वॉरन यांनी १९४३मध्ये ‘अंडरस्टँडिंग फिक्शन’ हे पाठ्यपुस्तक काढून ही पद्धती कथात्म साहित्याच्या अध्यापनात आणली. लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८मध्येच वाचकाच्या अनुभवाला केंद्रस्थानी ठेवणारा वेगळा विचार मांडला होता, पण प्रगत वर्गांवर छाप पडली ती नवसमीक्षेचीच.

‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजे शाळेतच महाविद्यालयीन पातळीचा अभ्यास करून त्याची परीक्षा देण्याची योजना, आकाराला आली ती ओहायोतील केनयन महाविद्यालयाचे अध्यक्ष गॉर्डन चाल्मर्स यांच्या पुढाकारातून आणि फोर्ड प्रतिष्ठानाच्या पैशावर. ‘नवसमीक्षा’ हे नाव ज्यांच्या १९४१च्या पुस्तकामुळे रूढ झाले, त्या जॉन क्रो रॅन्सम यांना केनयनमध्ये आणणारेही चाल्मर्सच होते. योजना आणि समीक्षापद्धती यांचे हे शेजारपण ध्यानात घेतले, तर प्रगत वर्गातील वाचनाला तेच वळण का लागले याचा काहीसा उलगडा होतो. कॉलेज बोर्ड या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने योजना हाती घेतल्यानंतर १९५६मध्ये झालेल्या परीक्षांना, सर्व विषय मिळून, १०४ शाळांतील १,२२९ विद्यार्थी बसले.

या परीक्षेने नेमून दिलेली पुस्तके ठेवली नाहीत. कालांतराने तिच्या एका निबंधप्रश्नात विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या कादंबरीच्या किंवा नाटकाच्या आधारे उत्तर द्यावे अशी मोकळीक मिळाली आणि सोबत केवळ सुचवणीदाखल काही शीर्षके छापली जाऊ लागली. तरीही वर्गावर्गांत तीच ती पुस्तके का दिसतात, याचे उत्तर बहुधा पद्धतीतच आहे. स्कॉटच्या कथानकाचा वेग वाचनीय असला, तरी एकेका परिच्छेदावर तासभर बोलण्याइतका ऐवज त्यात मिळत नाही; उलट हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’मधील छातीवरचे अक्षर किंवा फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’मधील हिरवा दिवा यांसारखी प्रतीके चर्चेला आयतीच सापडतात. ‘गॅट्सबी’ १९२५मध्ये निघाली तेव्हा तिचे स्वागत बेताचेच झाले होते. लेखकाच्या मृत्यूनंतर, दुसऱ्या महायुद्धात, सैनिकांसाठी छापलेल्या स्वस्त आवृत्तीच्या लाखाहून अधिक प्रती वाटल्या गेल्या, आणि पुढे वर्गाने तिला अभिजाततेचे स्थान दिले.

आर्थर अ‍ॅपलबी यांच्या १९८९च्या पाहणीत सार्वजनिक शाळांत सर्वाधिक शिकवल्या जाणाऱ्या दहा ग्रंथांत स्त्रीने लिहिलेला एकच ग्रंथ होता, हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’, आणि कृष्णवर्णीय लेखकाचा एकही नव्हता. प्रगत वर्गांत राल्फ एलिसन यांची ‘इन्व्हिजिबल मॅन’ आणि टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ या कृष्णवर्णीय लेखकांच्या कादंबऱ्यांना स्थान मिळत गेले, तसा निवडीचा अधिकार कोणाचा हा जुना वाद नव्या रूपात पुढे आला. फरक एवढाच की आता शिक्षकांसमोर विद्यापीठे नव्हेत, तर पालक उभे होते. व्हर्जिनियात एका पालकाने प्रगत वर्गातील ‘बिलव्हेड’ला घेतलेल्या आक्षेपातून पालकांना पूर्वसूचना आणि पर्यायी पुस्तक देणे शाळांवर बंधनकारक करणारे विधेयक विधिमंडळाने मंजूर केले, पण राज्यपाल टेरी मॅकऑलिफ यांनी २०१६मध्ये ते नाकारले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा आलेल्या तशाच विधेयकाचीही तीच गत झाली.