विवेकनिष्ठ मानसोपचार

उपचारक आणि एक व्यक्ती किंवा गट यांच्या संवादातून चालणारी एक मानसोपचार-पद्धती. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी ती १९५५ मध्ये मांडली. मनोविश्लेषणाचे प्रशिक्षण घेतलेल्या एलिस यांना ती पद्धत संथ व अपुरी वाटू लागली होती. माणसाला घटना नव्हे, तर घटनेविषयीचे मत अस्वस्थ करते, हा स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचा विचार विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या मुळाशी आहे.

तिची मांडणी तीन टप्प्यांची आहे : घटना, तिच्याविषयीचा दृष्टिकोन आणि भावनिक परिणाम. उदा., मुलाखतीत नकार मिळालेला तरुण ‘मी कुचकामी आहे’ म्हणतो. उपचारक त्याची समजूत घालत बसत नाही. एका नकारावरून सबंध माणूस कुचकामी कसा ठरतो, असे विचारतो. ‘मला यश मिळायलाच हवे’ या हट्टाची जागा ‘मिळाले तर बरे’ या इच्छेने घेतली, की खचलेपण ओसरून साधी निराशा उरते आणि पुन्हा अर्ज करण्याचे बळ येते. दोन भेटींच्या दरम्यान घरचा अभ्यासही दिला जातो. अशाच सरावाने स्वतः एलिस यांनी तरुणपणी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील वनस्पती उद्यानात अनोळखी स्त्रियांशी मुद्दाम बोलून आपला बुजरेपणा घालवला होता.

चिंता, नैराश्य, राग, संकोच यांवर ही पद्धत उपयोगी पडते. तीव्र मनोविकारांत मात्र औषधोपचारही आवश्यक असतो. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी तिचा प्रसार केला.