पु-अर चहा

पु-अर चहा हा चीनच्या नैर्ऋत्येकडील युन्नान प्रांतात तयार होणारा, सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवलेला आणि अनेकदा वर्षानुवर्षे मुरवून प्यायला जाणारा चहा आहे. तो सुटाही मिळतो. परंतु बहुधा चकती, वीट किंवा वाटीच्या आकारात दाबून विकला जातो. बहुतेक चहा ताजा असताना उत्तम मानला जातो व वर्ष-दोन वर्षांत त्याचा सुगंध उडून जातो. पु-अर त्याला अपवाद आहे. योग्य हवेत ठेवल्यास त्याची चव कित्येक दशके बदलत राहते. मात्र चहा जुना असणे आणि तो चांगला मुरलेला असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेष्टनावर छापलेल्या सालापेक्षा चहा कोणत्या हवेत राहिला आणि कोणत्या पाण्यात केला गेला, यांवर पेल्यातील चव अधिक अवलंबून असते. अमरावती-अकोल्यासारख्या उष्ण, कोरड्या आणि काही भागांत खारट भूजल असलेल्या प्रदेशात या दोन्ही बाबी कशा अडचणीच्या ठरतात, याचा विचार लेखाच्या अखेरीस केला आहे.

नाव आणि वर्गीकरण

हा चहा ज्या बाजारपेठेतून बाहेर जाई, त्या पु-अर गावावरून त्याला हे नाव मिळाले. छिंग राजवटीत १७२९ मध्ये तेथे पु-अर हा प्रशासकीय विभाग स्थापन झाला आणि येथील निवडक चहा राजदरबारी नजराणा म्हणून जाऊ लागला. आज नकाशावर दिसणारे पु-अर शहर म्हणजे पूर्वीचे सिमाओ. चहाच्या कीर्तीचा लाभ मिळावा म्हणून २००७ मध्ये त्याचे नामांतर करण्यात आले. हाँगकाँग व ग्वांगदोंग येथील कँटनी भाषेत याच चहाला ‘पो-लेई’ म्हणतात.

वर्गीकरणाबाबत मराठी वाचकाचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. मराठीत ‘काळा चहा’ म्हणजे बिनदुधाचा, कोरा चहा. आसाम किंवा दार्जिलिंगचा जो चहा जगभर ‘काळा’ म्हणून ओळखला जातो, त्याला चिनी लोक ‘होंगछा’ म्हणजे लाल चहा म्हणतात. त्यांचा ‘हेइछा’ म्हणजे काळा चहा हा निराळाच वर्ग असून त्यात आंबवलेले चहा येतात. ग्वांगशीचा लिउबाओ आणि हूनानचा आनह्वा हे त्यांपैकी प्रमुख होत. पु-अरला याच वर्गात घालावे की स्वतंत्र स्थान द्यावे, याबाबत चीनमध्येही एकमत नाही.

‘आंबवणे’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. भारतीय चहा-कारखान्यांत चुरडलेली पाने तांबूस होईपर्यंत पसरून ठेवतात, त्या क्रियेला आंबवणे म्हणण्याची रूढी आहे. वस्तुतः ते पानातील विकरांमुळे होणारे ऑक्सिडीकरण असते. पु-अरमध्ये मात्र बुरशी, यीस्ट व जिवाणू प्रत्यक्ष काम करतात. इडलीचे पीठ आंबणे आणि कापलेले सफरचंद लाल पडणे यांत जो फरक आहे, तोच या दोन क्रियांत आहे.

पान आणि प्रदेश

पु-अरचे पान कॅमेलिया सायनेन्सिस या झाडाच्या मोठ्या पानांच्या ‘आसामिका’ या प्रकाराचे असते. आसामातील मळ्यांतही हाच प्रकार आढळतो. चीनच्या २००८ च्या राष्ट्रीय मानकानुसार युन्नानमधील ठरावीक क्षेत्रात पिकलेल्या, मोठ्या पानांच्या आणि उन्हात वाळवलेल्या चहापासूनच पु-अर तयार करता येतो.

दक्षिण युन्नानमधील शिश्वांगबान्ना हा या चहाचा गाभा होय. यीवूसह जुने ‘सहा चहा-डोंगर’ याच भागात आहेत. मंगहाय परगण्यातील बुलांग डोंगराचा चहा कडू व जोरकस, तर यीवूचा मऊ व गोडसर मानला जातो. पु-अर शहराच्या क्षेत्रातील जिंगमाय डोंगरावर बुलांग, दाय आदी समाजांनी अरण्याच्या सावलीत पिढ्यान् पिढ्या जपलेली चहाची जुनी राने आहेत. या सांस्कृतिक भूदृश्याचा २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

निर्मिती

खुडलेली पाने थोडी कोमेजू देऊन कढईत परततात, मळतात आणि उन्हात वाळवतात. या कच्च्या मालाला ‘माओछा’ म्हणतात. हिरव्या चहाच्या तुलनेत परतण्याची आच बेताची ठेवतात आणि वाळवण्यासाठी भट्टीऐवजी ऊन वापरतात. त्यामुळे पानातील काही विकर व सूक्ष्मजीव टिकून राहतात आणि चहाला पुढे मुरण्यास वाव मिळतो.

माओछा वाफेवर मऊ करून कापडी पिशवीत दगडाखाली दाबला, की ‘शंग’ म्हणजे कच्चा पु-अर तयार होतो. नवा कच्चा पु-अर कडू, तुरट आणि रानफुलांच्या वासाचा असतो. पुढील वीस-तीस वर्षांत त्याचा रंग पिवळ्यावरून तांबूस-तपकिरी होतो, तुरटपणा ओसरतो आणि अर्काला दाटपणा येतो.

इतकी वर्षे थांबणे व्यापाराला परवडणारे नव्हते. हाँगकाँगमधील व्यापारी दमट गोदामांत चहा ठेवून ही क्रिया लवकर घडवून आणत. त्या अनुभवाचा अभ्यास करून कुनमिंग येथील चहा-कारखान्याने १९७३ मध्ये ‘वो-द्वेई’ म्हणजे ओला ढीग लावण्याची पद्धत विकसित केली. त्यात माओछाचे मोठे ढीग पाणी शिंपडून झाकून ठेवतात. सूक्ष्मजीवांच्या कार्यामुळे ढिगाच्या पोटातील तापमान ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढते. ते फार वाढू नये म्हणून ढीग वेळोवेळी उलथावा लागतो. शेतकऱ्याला ही क्रिया शेणखताच्या खड्ड्यावरून सहज समजेल. साधारण ४५ ते ६० दिवसांत ‘शोउ’ म्हणजे पक्व पु-अर तयार होतो. या ढिगांत ॲस्परजिलस नायजर ही बुरशी ठळकपणे आढळते. पानातील कॅटेचिन घटून थिआब्राउनिन नावाची गडद तपकिरी संयुगे वाढतात; पक्व पु-अरचा कॉफीसारखा रंग त्यांचाच असतो. पक्व पु-अर ही जुन्या कच्च्या पु-अरची नक्कल म्हणून जन्मली, पण चवीने ती वेगळीच वस्तू ठरली. एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजणे योग्य नाही.

चकतीचे रूढ वजन ३५७ ग्रॅम असते. अशा सात चकत्या बांबूच्या सालपटात बांधल्या की सुमारे अडीच किलोचा एक गठ्ठा होतो. खेचरांवर लादून न्यायच्या मालासाठी हे माप सोयीचे होते. वाटीच्या आकाराचा ‘तुओछा’ आणि २५० ग्रॅमची वीट हे अन्य प्रचलित आकार होत.

व्यापारमार्ग आणि भारत

युन्नानचा चहा खेचरांच्या तांड्यांवरून तिबेटमध्ये जाई व त्याच्या मोबदल्यात घोडे येत. म्हणून या वाटांना चहा-घोडा मार्ग असे नाव पडले. तिबेटी लोक हा चहा उकळून त्यात लोणी व मीठ घुसळतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या व्यापाराचा एक मोठा फाटा भारतातून जात होता. आजच्या मंगहायचा माल ब्रह्मदेशातून रंगूनला, तेथून बोटीने कलकत्त्याला, रेल्वेने सिलिगुडीला आणि पुढे कालिंपोंगमार्गे खेचरांवरून ल्हासाला पोहोचे. हा वळसा लांबचा असला तरी आगगाडी व आगबोटीमुळे तो थेट डोंगरवाटेपेक्षा सोयीचा पडे. म्हणजे मुरवायचा चहा मोठ्या प्रमाणात भारताच्या भूमीवरून गेला, पण भारतीय पेल्यात फारसा उतरला नाही.

चहा करण्याची पद्धत

चिनी पद्धतीत थोडे पाणी, बरीच पाने आणि अनेक छोटे अर्क असा क्रम असतो. १०० ते १२० मिलिलिटरच्या ‘गायवान’मध्ये, म्हणजे झाकणाच्या कानरहित पेल्यात, किंवा यीशिंगच्या मातीच्या लहान किटलीत ६ ते ८ ग्रॅम चहा घेतात. चकतीची पाने मोडू नयेत म्हणून ती कडेकडेने टोकदार सळईने उकलतात. चकती हातोडीने फोडल्यास पानांचा चुरा होतो आणि अर्क उगाच कडू उतरतो.

प्रथम उकळते पाणी ओतून पाच-दहा सेकंदांत ते टाकून देतात. त्यामुळे धूळ निघते आणि घट्ट दाबलेली पाने सैल होतात. नंतरचे पहिले तीन-चार अर्क प्रत्येकी दहा-पंधरा सेकंदांत ओतून घेतात आणि पुढे वेळ हळूहळू वाढवत नेतात. चांगला चहा दहा-पंधरा अर्क सहज देतो. नव्या कच्च्या पु-अरसाठी पाणी थोडे निववणे इष्ट. पक्व किंवा जुन्या चहाला खळखळते पाणीच लागते. कुनमिंग समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळते. अकोल्यात ते जवळजवळ ९९ अंशांपर्यंत तापते. त्यामुळे तिकडच्या कृतीतील वेळ इकडे जशीच्या तशी पाळल्यास अर्क थोडा अधिक कडक होऊ शकतो. गायवान नसल्यास तीन-चार ग्रॅम पाने साध्या किटलीत दोन-तीन मिनिटे ठेवूनही चहा होतो, मात्र अर्कागणिक बदलत जाणारी चव तेव्हा कळत नाही. दूध-साखर घालण्याची चीनमध्ये पद्धत नाही.

चव आणि पारख

आस्वाद घेताना वास, अर्काचा रंग, तोंडातील दाटपणा, घशात मागे राहणारी चव आणि शेवटी भिजलेली पाने असे क्रमाने पाहतात. ‘ह्वेईगान’ म्हणजे कडवटपणा ओसरल्यावर परतून येणारा गोडवा. आवळा खाऊन पाणी प्यायल्यावर जे जाणवते, त्याच जातीची ही चव आहे. तोंडात लागलेला तुरटपणा विरघळून गोडव्यात बदलला तर तो गुण समजतात, जिभेवर चिकटून राहिला तर दोष.

जुन्या कच्च्या पु-अरमध्ये कापूर, जुने लाकूड व औषधी मुळ्यांची आठवण करून देणारे वास येतात. पक्व पु-अरमध्ये खजूर व पावसाने भिजलेल्या मातीचा वास येतो. नव्या पक्व चहाला ढिगाचा, क्वचित मासळीसारखा, वास असतो. तो एक-दोन वर्षे मोकळ्या हवेत कमी होतो. भिजलेल्या पोत्याचा किंवा बुरसट वास, घशात खवखव आणि पानांवर दिसणारी हिरवी, काळी अथवा केसाळ बुरशी ही बिघाडाची लक्षणे आहेत. असा चहा ‘जुना आहे, असेच असते’ या समजुतीने पिऊ नये. भिजवलेली पाने बोटांनी उलगडून पाहणे ही पारख विशेष उपयोगी असते: नीट मुरलेले कच्चे पान लवचीक व तपकिरी असते, तर अति ओलाव्यात राहिलेले काळपट होते आणि उलगडत नाही.

वेष्टनावरील आकडे अनेकांना फसवतात. उदाहरणार्थ, ‘७५४२’ मधील ७५ हे मिश्रण प्रथम ठरवल्याचे वर्ष (१९७५) आहे, ४ हा पानांच्या प्रतीचा क्रमांक आणि २ हा मंगहाय कारखान्याचा क्रमांक. त्यावरून चहा १९७५ सालचा ठरत नाही. याच क्रमांकाच्या चकत्या आजही तयार होतात. जुन्या चहाला मिळणाऱ्या किमतींमुळे खोटी वेष्टने व बनावट वये यांचा सुळसुळाट झाला. सट्टेबाजीने भाव अतोनात चढले आणि २००७ मध्ये बाजार कोसळून अनेक उत्पादक व व्यापारी बुडाले.

आरोग्य

पु-अरमुळे वजन व कोलेस्टेरॉल घटते, असा प्रचार विक्रेते करतात. थिआब्राउनिनच्या परिणामांवर संशोधन झाले आहे, पण त्यातील बराच भाग उंदरांवरील प्रयोगांचा असल्याने या चहाला औषध मानता येत नाही. पक्व चहात कॅफिन नसते हा समजही चुकीचा आहे. जून, जाड पानांच्या स्वस्त विटांत फ्लोराइड अधिक असते. तिबेटी प्रदेशात अशा चहाच्या अतिसेवनाने फ्लोरोसिस झाल्याचे आढळले आहे.

साठवण, पाणी आणि वऱ्हाड

चहा मुरण्यासाठी साधारणतः ६० ते ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता, बेताची ऊब, अंधार आणि परक्या वासापासून दूर अशी जागा लागते. हाँगकाँगच्या दमट हवेत चहा लवकर मुरतो, पण बुरशीचा धोका असतो. कुनमिंगच्या कोरड्या हवेत तो स्वच्छ राहतो, पण फार सावकाश बदलतो. एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन चकत्या या दोन शहरांत वीस वर्षे राहिल्यास त्या वेगळ्या चहांसारख्या लागतात.

वऱ्हाडात पु-अर पिण्याची परंपरा नाही. स्थानिक लागवडीतील पेय म्हणावे तर ती चिखलदऱ्याची कॉफी. मागवलेला चहा येथे ठेवायचा झाल्यास कुनमिंगहूनही कठीण स्थिती उद्भवते. अकोला व अमरावती येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. पावसाळ्यात तीच हवा एकदम दमट होते. कोरड्या उष्णतेत सूक्ष्मजीवांचे कार्य जवळपास थांबते आणि सुगंधी द्रव्ये उडून चहा निस्तेज होतो. अशा हवेत दहा वर्षे ठेवलेल्या चकतीचे वय वाढते, पण ती मुरत नाही. कूलरच्या खोलीत ओलावा मिळतो खरा, पण वाळ्याच्या ताट्यांचा वास चहा ओढून घेतो. टिनाच्या छपराखालची जागा तर सर्वथा टाळावी. कोऱ्या, वास नसलेल्या मातीच्या मडक्यात किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात आर्द्रता राखणाऱ्या पुड्यांसह, घराच्या आतल्या बाजूच्या थंड खोलीत चहा ठेवणे आणि आषाढ-श्रावणात दर आठवड्याला बुरशी तपासणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय आहे. पक्व पु-अर आधीच आंबवलेला असल्याने त्याचे नुकसान कमी होते. कच्चा चहा मात्र येथे मुरवण्यापेक्षा दमट प्रदेशात मुरलेला घेणे बरे.

पाण्याचा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा तालुक्यांचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील विहिरी व कूपनलिकांच्या पाण्यात क्षार इतके असतात की साध्या दुधाच्या चहाचीही चव बिघडते. पु-अरमध्ये झाकायला दूध-साखर नसल्याने हा दोष उघडा पडतो: पाण्यातील बायकार्बोनेटमुळे अर्क गढूळ व काळपट होतो, वर तवंग येतो, ह्वेईगान जाणवत नाही आणि मिठामुळे वास दबतो. उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा चुन्याच्या थरासारखा तळाशी बसतो, पण खारटपणा जात नाही. उलट पाणी आटल्यास तो वाढतो. धरणाचे पाणी चहाला त्यामानाने अनुकूल असते. अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा, अकोला शहराला काटेपूर्णा आणि अकोट-तेल्हारा भागातील अनेक खारपाण गावांना वान प्रकल्पाचे पाणी मिळते. आरओ यंत्रातून आलेले पाणी खारटपणातून सोडवते, परंतु अगदी क्षारहीन पाण्यात अर्क सपाट लागतो. त्यात थोडे धरणाचे पाणी मिसळून, दोन्ही पाण्यांचे अर्क शेजारी ठेवून प्रमाण ठरवता येते. क्लोरीनचा वास असल्यास नळाचे पाणी रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून सकाळी वापरावे.