लालबागची गॅस कंपनी आणि नळात गोठणारे इंधन

१/८ लालबागमधील 'गॅस कंपनी लेन' हे नाव आजही पत्त्यांत टिकून आहे. ते आले बॉम्बे गॅस कंपनीमुळे. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे प्रथम उजळले. हा प्रकाश ज्या इंधनावर अवलंबून होता, त्याचा एक घटक मात्र नळातच गोठत असे.

२/८ हा गॅस जमिनीतून येत नसे. दगडी कोळसा बंद भट्टीत, हवा लागू न देता तापवला की गॅस, कोक आणि डांबर मिळे. गॅस थंड व शुद्ध करून लोखंडी नळांतून शहरात नेला जाई.

३/८ त्यासोबत नॅप्थलीनची वाफही निसटे. नॅप्थलीन ८० अंश सेल्सिअसला गोठते. मुंबईचा कडक उन्हाळाही त्याला वितळवू शकत नाही. गॅस पुढे निवला की त्याचे पांढरे पापुद्रे नळात साचत. जगभरच्या कोळसा-गॅस कारखान्यांची ही जुनी डोकेदुखी होती. नळ तुंबला की दिवा मंदावे.

४/८ हेच नॅप्थलीन मराठी घरांच्या कपाटांत पोहोचले ते 'डांबरगोळी' या नावाने. ते कोळशाच्या डांबरातून निघते, ही माहिती त्या शब्दातच साठलेली आहे.

५/८ याच कुळातील बेंझीनचा शोधही दिव्याच्या गॅसमधूनच लागला. १८२५ मध्ये लंडनला मायकेल फॅरेडे यांनी, तेलापासून केलेला गॅस दाबून भरताना उरणारा द्रव तपासला आणि तो थंड करून, गोठवून बेंझीन वेगळे केले. त्याचा गोठणबिंदू सुमारे ५.५ अंश.

६/८ बेंझीनला एक मिथिल गट जोडला की टोल्यूइन होते. त्याचा रेणू जड असूनही ते उणे ९५ अंशांपर्यंत द्रवच राहते! कारण वजनापेक्षा आकार महत्त्वाचा. सपाट, सममित रेणू एकमेकांवर नीट रचले जातात. बाजूला फुटलेला गट ती रचना बिघडवतो.

७/८ साखळीच्या रेणूंनाही हाच नियम लागू पडतो. ऑक्टेन आणि आयसोऑक्टेन यांत कार्बन-हायड्रोजनची संख्या सारखीच. सरळ साखळीचे ऑक्टेन उणे ५७ अंशांना गोठते, फांद्या असलेले आयसोऑक्टेन उणे १०७ अंशांना. लांब, सरळ साखळ्या म्हणजेच मेण. १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायच्या कच्च्या तेलात ते भरपूर आहे. म्हणून ते तेल सुमारे ३० अंशांखालीच घट्ट होऊ लागते.

८/८ २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे डिझेल आणले, तेव्हा प्रश्न तोच होता: इंधनातील कोणता रेणू आधी गोठेल? लालबागच्या काळी त्यावर गल्लीतला उजेड अवलंबून होता. लडाखमध्ये हिवाळ्यातली वाहतूक अवलंबून असते.