कॅसेटवरील आवाज आणि नगरेतिहास : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरातील घरगुती ध्वनिफितींच्या संगणकीकरणाचा विचार

प्रस्तावना

स्थानिक इतिहासाच्या लेखनात कागदाला आणि दगडाला जे स्थान मिळाले, ते आवाजाला मिळालेले नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातील शके ९८२ चा (इ. स. १०६०) शिलालेख साडेनऊशे वर्षांनंतरही अभ्यासकाला उपलब्ध आहे. त्याच शहरातील एखाद्या घरात चाळीस वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित झालेली कॅसेट मात्र ऐकण्याचे साधन हाताशी नसल्याने मूक होऊन पडली आहे. अशा कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम सामान्यतः हौसेचे किंवा तांत्रिक मानले जाते. प्रस्तुत लेखात त्याचा विचार इतिहासाच्या साधननिर्मितीची प्रक्रिया म्हणून केला आहे. आवाजाची नक्कल झाली तरी तो कोणाचा, कधीचा व कोठला ही माहिती सुटली, तर साधन हाती येत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तीन शहरे आणि त्यांचे अलिखित

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सुमारे एक लाख सिंधी निर्वासितांना वसविण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘पाच’ ही तिथली रूढ नावे त्या छावणीची आजही आठवण देतात. अंबरनाथची वाढ आगपेटी कारखाना, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि पुढे औद्योगिक वसाहत यांमुळे झाली. मुंबईतील जागा परवडेनाशा झाल्यावर चाळीतील कुटुंबे कर्जत मार्गावर पुढे सरकत गेली आणि बदलापूर हे रोजच्या लोकलने नोकरीस जाणाऱ्यांचे शहर बनले. या सर्वांच्या आधीपासून येथे आगरी, कुणबी, ठाकूर व कातकरी समाजांची गावे-पाडे होते व आहेत.

या लोकांनी आपल्याबरोबर जे आणले किंवा जपले, त्याचा मोठा भाग मौखिक होता. सिंधी समाजाची ‘भगत’ ही गायन, नृत्य व कथन यांची एकत्रित परंपरा. १९३९ साली ज्यांची हत्या झाली त्या संत कंवरराम यांच्यामुळे तिला विशेष प्रतिष्ठा लाभली. आगरी लग्नात धवलारीण गात असलेले धवळे, वस्त्यांतील भीमगीते, भजनी मंडळांचे अभंग, गणेशोत्सवातील मेळे व भाषणे यांपैकी फारच थोडे छापले गेले. महसुलाच्या दप्तरात व नगरपालिकेच्या ठरावांत तर त्याला जागा असणे शक्यच नव्हते.

कॅसेटने घडविलेला बदल

फिलिप्स कंपनीने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी बंद कॅसेट प्रथम मांडली. लू ऑटेन्स (१९२६–२०२१) यांच्या नेतृत्वाखाली ती विकसित झाली. तिच्यातील फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि गती सेकंदाला सुमारे ४.७६ सेंटिमीटर होती. भारतात १९८० च्या दशकात टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय व कामगार कुटुंबांच्या आवाक्यात आला. पीटर मॅन्युएल यांनी उत्तर भारतातील कॅसेट-संस्कृतीवरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात दाखविले आहे की, या स्वस्त माध्यमाने मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि प्रादेशिक व लोकसंगीताला बाजारपेठ मिळाली.

इतिहासाच्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्रामोफोनवर सामान्य माणूस केवळ ऐकू शकत होता. कॅसेटवर तो स्वतःचा आवाज नोंदवू शकला. रिकामी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट आणून आजीची गाणी, मुलाचे पहिले बोल, बारशाचा वा सत्संगाचा कार्यक्रम टिपता येऊ लागला. आखाती देशांत गेलेल्या भारतीय कामगारांत कॅसेटवर बोलून घरी ‘पत्र’ पाठविण्याची रीतही पडली होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचा शब्द त्याच्याच स्वरात टिकून राहण्याची ही आपल्याकडील पहिलीच व्यापक सोय होती.

फितीकडून संगणकाकडे

वैयक्तिक संगणक घरोघरी आल्यावर, विशेषतः २००० सालानंतर, कॅसेट संगणकावर घेणे शक्य झाले. डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅनेनबर्ग यांनी तयार केलेली ‘ऑडॅसिटी’ ही विनामूल्य संगणकप्रणाली त्याच वर्षी प्रसृत झाली. टेप-डेकच्या ‘लाइन-आउट’मधून तार काढून ती संगणकाच्या ‘लाइन-इन’मध्ये जोडावयाची, एवढीच मूळ रचना. माइकच्या छिद्रात तार जोडल्यास आवाज फाटतो. काम सुरू करण्यापूर्वी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करणे आणि त्याचा कोन त्या त्या फितीशी जुळविणे आवश्यक असते, अन्यथा वरच्या पट्टीतील स्वर दबून जातात. कॅसेटच्या वरच्या कडेचे छोटे प्लास्टिक तोडून टाकले की तिच्यावर चुकून दुसरे मुद्रण होण्याचा धोका टळतो. या कामात घाई चालत नाही : नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटे द्यावीच लागतात.

पहिल्या पिढीतील संगणकीकरणात जागेच्या बचतीसाठी एमपी-थ्री हे संक्षिप्त स्वरूप सर्रास वापरले गेले. सीडीच्या दर्जाचे एका तासाचे द्विमार्गी मुद्रण सुमारे ६३५ मेगाबाइट जागा घेते. १२८ किलोबिटच्या एमपी-थ्रीला सुमारे ५८ मेगाबाइट पुरतात. ही बचत ध्वनीतील काही अंश कायमचा टाकून साधलेली असते. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट अशा असंक्षिप्त मुद्रणाची आहे. त्याला तासाला सुमारे एक गिगाबाइट लागते. आजच्या साठवणक्षमतेत ही मागणी मोठी नाही. त्या काळात घरी तयार केलेल्या अनेक सीडी आता वाचता येत नाहीत आणि नव्या संगणकांत सीडीचा कप्पाही क्वचितच असतो. म्हणून संगणकीकरणानंतर मूळ कॅसेट टाकून देणे हा घातक निर्णय ठरतो.

काळाची मर्यादाही स्पष्ट आहे. युनेस्को व उपरोक्त संघटना यांच्या २०१९ मधील चुंबकीय फितींविषयीच्या प्रकल्पाने इशारा दिला होता की, सुस्थितीतील वाचनयंत्रे व सुटे भाग २०२५ च्या सुमारास दुर्मीळ होतील. या परिसरात पाण्याचा धोका वेगळा आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास व वालधुनी नद्यांच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. भिजलेली फीत तत्काळ नष्ट होत नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन, उष्णता न देता वाळविल्यास ती बहुधा वाचविता येते. परंतु तिच्यावरील कागदी चिठ्ठीवरची शाई पहिल्याच पुरात जाते.

चिठ्ठीचा प्रश्न

येथेच या विषयाचा गाभा आहे. निर्वासित पिढीतील अनेकांचे लेखन अरबी-सिंधी लिपीत होते. १९६७ साली सिंधी भाषेचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, तरी नंतरच्या पिढ्यांचे शिक्षण मुख्यतः देवनागरी व इंग्रजीतून झाले. परिणामी आजोबांनी कॅसेटवर लिहिलेली चिठ्ठी घरातच कोणाला वाचता येत नाही, अशी स्थिती संभवते. धवळ्यांच्या फितीवर केवळ ‘लग्न’ एवढाच शब्द असतो. गाणारी कोण, गाव कोणते, हे माहीत असणारी माणसे आता वृद्ध आहेत. फीत संगणकावर उद्याही घेता येईल. ही माहिती उद्या मिळेलच असे नाही.

या बाबतीत महाराष्ट्रातच एक आदर्श उपलब्ध आहे. गी पॉयट्व्हां (मृत्यू २००४) व हेमा राइरकर (मृत्यू २०१०) यांनी पुण्यातून चालविलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या एक हजारांहून अधिक गावांतून संकलित झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांची संगणकीय सूची झाली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. प्रत्येक ओवीशी गाणारीचे नाव, गाव व विषय यांची सांगड घातल्यामुळेच २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेला त्या नव्या वाचकांपुढे मांडता आल्या. नावे नसती तर त्या लाखभर अनामिक ओळी राहिल्या असत्या. नावांमुळे त्या कष्टकरी स्त्रियांचे विचारधन ठरल्या.

कायदा व संमती

बाजारातील कॅसेट व घरगुती मुद्रण यांत भेद करणे आवश्यक आहे. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे टिकतो. १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ खाजगी वापर व संशोधन यांना सवलत देते. २०१२ च्या दुरुस्तीने अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयास, स्वतःच्या संग्रहातील कृती जतनासाठी संगणकीय स्वरूपात ठेवण्याची मुभा दिली. घरगुती फितीबाबत प्रश्न कायद्याइतकाच विश्वासाचा आहे. घरातील शोक, भांडण वा खाजगी बोलणे त्यात असू शकते; म्हणून कुटुंबाची लेखी संमती व काही भाग बंद ठेवण्याचा त्यांचा अधिकार मान्य केला पाहिजे.

निष्कर्ष

१) स्थलांतरितांच्या शहरांचा सामाजिक इतिहास लिहिताना घरगुती ध्वनिफिती हे प्राथमिक साधन मानावे लागेल.

२) संगणकीकरण असंक्षिप्त स्वरूपात व्हावे, किमान दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात आणि मूळ कॅसेट जपावी.

३) प्रत्येक फितीसोबत व्यक्ती, स्थळ, काळ, भाषा व प्रसंग यांची नोंद, तसेच चिठ्ठीचे छायाचित्र असावे. ही नोंद मुद्रणाच्या आधी, घरातील जाणत्यांसमोर बसून करावी.

४) महाविद्यालयांतील इतिहास व भाषा विभागांनी सुस्थितीतील एक टेप-डेक, एक संगणक आणि सिंधी लिपी व स्थानिक बोली जाणणारी माणसे एकत्र आणल्यास हे काम मोठ्या निधीविना सुरू होऊ शकते. यांपैकी यंत्र शोधून मिळेल. माणसांच्या बाबतीत विलंब परवडणारा नाही.