मावळातला उजेडाचा हिशेब

नवलाख उंबऱ्याच्या औद्योगिक पट्ट्यात आज एखाद्या मालाचा फोटो एलईडीखाली काढायचा झाला, तर खोक्यावरचे ‘वॅट’ फारसे कामाचे नाहीत. लुमेनही अपुरेच, कारण दिवा किती उजेड सांडतो एवढेच ते सांगतात. वस्तूवर किती पडतो ते सांगतो लक्स. एक मीटरवर ४००० लक्स देणारा छोटा दिवा दोन मीटरवर साधारण १००० देतो. त्याला आयएसओ १०० ने गुणून २५० या मापनाच्या ठरीव स्थिरांकाने भागले की येतात ४००. शटर १/५० ठेवले, तर ४०० चे ५० ने भागून ८, आणि त्याचे वर्गमूळ म्हणजे एफ/२.८.

वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचा हा विचार एलईडीबरोबर आला असे मला वाटत नाही. याच मावळ तालुक्यात मळवलीला रविवर्मा छापखाना होता आणि त्याच्यासाठी दादासाहेब फाळके लोणावळ्यात फोटो-लिथोचे काम करत. वेस्टनचा प्रकाशविद्युत मीटर १९३२ चा; फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपट १९१३ चा. म्हणजे असा मीटर नसताना मुख्यतः उजेड ओळखून काम भागवावे लागे. यावर कोणी म्हणेल, तो अंदाज होता, गणित नव्हे. पण अंदाज तरी कशाचा? वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचाच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: लक्स हे डोळ्याच्या मापाने मोजलेले. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे तेवढ्याच लक्सचा पिवळसर दिवा तिच्यासाठी मंद ठरला असता. आजच्या सेन्सरला हा फरक कमी जाचतो. तरी स्वस्त एलईडीचा छापील लक्सचा आकडा बहुधा बीमच्या मध्यभागाचा असतो, कडेला तो घसरतो.