लॉज आणि सभा : गुप्ततेच्या दोन तऱ्हा

कर्जत-खोपोलीच्या वाटेवर ‘लॉज’ म्हटले की मुक्कामाची खोली एवढाच अर्थ ध्यानात येतो. एकोणिसाव्या शतकातील मुंबईत मात्र हा शब्द उच्चारला की प्रतिष्ठित लोक आवाज किंचित खाली आणीत. लॉज म्हणजे फ्रीमेसन मंडळींची बैठक. आपल्या वाङ्मयेतिहासात या मंडळींना जागा नाही, आणि ती असावी असाही आग्रह नाही. परंतु त्याच शहरात, त्याच दशकात निघालेली परमहंस सभा त्यांच्याशेजारी ठेवून पाहिली, तर सभेच्या ‘भित्रेपणा’विषयीचे आपले ठरीव मत जरा डळमळू लागते.

माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईतील युरोपियन मेसनांनी आपल्यात घेतले नाही. लंडनलाही दाद लागली नाही; अखेर पॅरिसमध्ये त्यांना दीक्षा मिळाली. पुढे डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश वैद्याने पुढाकार घेऊन १५ डिसेंबर १८४३ रोजी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे एतद्देशीयांसाठीचे लॉज स्थापन केले. सुरुवातीच्या सभासदांत पारशी आणि मुसलमान होते. हिंदूंचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. एका विश्वकर्म्यावरील श्रद्धा ही मेसनांची अट. बहुदेवपूजक ती कशी पाळणार, ही शंका. शिवाय मेजवानीच्या टेबलावर जातीचे काय? कलकत्त्यास प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेश मिळण्यास १८७२ साल उजाडले.

लॉजचे वर्ष ठरल्या क्रमाने फिरे. नव्या अध्यक्षाची स्थापना, नवागतांच्या दीक्षा, संत योहानाच्या सणाची मेजवानी, विधवा-अनाथांसाठी वर्गणी. धर्म आणि राजकारण हे विषय बैठकीत वर्ज्य. खुणा, परवलीचे शब्द, दारावरचा पहारेकरी हे सारे असूनही हे गुपित मिरवण्याजोगे होते. १८४३ सालीच जे. जे. रुग्णालयाची कोनशिला मेसन विधीने भर दिवसा बसवली गेली. बंधुत्वाचा एप्रन घातल्याने कोणाची सोयरीक मोडत नव्हती.

परमहंस सभा १८४९ साली मुंबईत निघाली. तिची प्रेरणा दादोबा पांडुरंगांची. १८३६ च्या व्याकरणामुळे आपण त्यांना ‘मराठीचे पाणिनी’ म्हणतो, आणि तेवढ्यावर थांबतो. सुरतेस दुर्गाराम मेहताजींसह १८४४ मध्ये त्यांनी मानवधर्म सभेचा प्रयोग केला होता. मुंबईच्या सभेचे अध्यक्ष राम बाळकृष्ण जयकर. दादोबांनी रचलेल्या प्रार्थना म्हणून बैठक चाले, आणि लॉजमध्ये वर्ज्य असलेला धर्म हाच तिचा विषय. नव्या सभासदाने जातिभेद न मानण्याची शपथ घ्यायची आणि ख्रिस्त्याने भाजलेला पाव खायचा.

हा पावाचा तुकडा नीट पाहिला पाहिजे. मेसनांचा दीक्षाविधी कितीतरी नाट्यमय. डोळ्यांवर पट्टी काय, छातीला टेकवलेले टोक काय! तरी त्यातून बाहेर पडणारा मनुष्य घरी पूर्वीचाच असे. पाव खाणारा पूर्वीचा राहत नसे. बातमी फुटली तर पंक्तीतून उठवणे, मुलीबाळींची लग्ने अडणे, प्रायश्चित्त. येथे गुप्तता अलंकार नव्हती, गरज होती. सभासदांची संख्या पुरेशी वाढली की सर्वांनी एकदम प्रकट व्हावे असा बेत होता म्हणतात. तो भाबडा ठरला खरा. पण बहिष्काराचा भार एकट्यादुकट्यावर पडू नये, हे त्यामागचे गणित चुकीचे म्हणवत नाही.

सभेचे लोण पुण्यापर्यंतही गेले. १८५६ साली आगगाडी खोपोलीस आली, १८५८ साली पुण्याकडून खंडाळ्यास. मधला बोरघाट १८६३ पर्यंत पालखीने वा बैलगाडीने ओलांडावा लागे. डब्यात सर्व जाती शेजारी बसू लागल्या होत्या, पंक्तीत अजून नाही. घाटातला लोहमार्ग पुरा होण्यापूर्वीच, १८६० च्या सुमारास, सभेची कागदपत्रे कोणी पळवली, नावे उघडी पडली आणि सभा मोडली. तिच्यातल्याच काही मंडळींच्या आधाराने १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला, दादोबांचे बंधू आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने. तो उघडपणे भरे; मात्र जात मोडण्याची अट त्याने सभासदांना घातली नाही.

लॉजचा इतिहास डी. एफ. वाडियांनी १९१२ साली ऐसपैस छापला. सभेसाठी अ. का. प्रियोळकरांच्या १९६६ च्या पुस्तकाची वाट पाहावी लागली, आणि त्यांना विखुरलेल्या साक्षी गोळा कराव्या लागल्या. आतल्या माणसाची एक मोठी साक्ष बाबा पदमनजींची, ‘अरुणोदया’तली. ‘यमुनापर्यटन’कार म्हणून वर्गात त्यांची ओळख होते, आणि ‘अरुणोदय’ धर्मांतराची कथा म्हणून वाचला जातो. सभेत पाव खाऊन बाहेर पडलेला तरुणही त्याच पानांत आहे.